रुक्मिणीने जागा कशी निवडली?

पळून जाऊन लग्न करायचे म्हटल्यावर जागेची चिकित्सा कोण करतो? आपल्याकडची रूढ समजूत अशी की, पळणारी जोडी मिळेल ती एस. टी. पकडते, दिसेल त्या देवळात एकमेकांना हार घालते आणि मागून येणाऱ्या मामा-काकांच्या आधी कुठल्या तरी कचेरीत सह्या ठोकून मोकळी होते. परंतु हल्ली या पळून जाण्यालाही चांगले दिवस आले आहेत. इंग्रजीतला 'एलोपमेंट' हा शब्द एके काळी रात्रीच्या अंधारात खिडकीतून उतरणाऱ्या मुलीसाठी वापरला जाई. आता अमेरिकेत आणि युरोपात त्याच शब्दाचा अर्थ 'चार-दोन माणसांत, डोंगरमाथ्यावर, ठरवून केलेले छोटेसे लग्न' असा होऊ लागला आहे. कडा कुठला, सूर्य कोणत्या अंगाला मावळतो, मागे तळे हवे की बर्फ हवे, याचा खल महिनोन्महिने चालतो. हे वारे आपल्याकडेही पोचले आहे. सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या टोकाशी उभे असलेले नवरानवरी, अशी छायाचित्रे माझ्या वर्गातल्या मुलींच्या मोबाईलमध्ये मी पाहिली आहेत.

आम्हा सांगोलेकरांना डोंगराचे अप्रूप जरा जास्तच. आमचा मुलूख माळरानाचा, पाऊस बेताचा. डाळिंबाच्या बागा हीच काय ती आमची झाडी. 2022 च्या जूनमध्ये आमच्या तालुक्याचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील राजकारणाच्या धामधुमीत गुवाहाटीला जाऊन राहिले आणि तिथल्या 'झाडी, डोंगार, हाटील' यांची त्यांनी फोनवरून जी तारीफ केली, ती साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाली. लोक हसले. पण ज्याने वर्षातले कितीतरी महिने माण नदीचे कोरडे पात्रच पाहिले, त्याला हिरवा डोंगर पाहून भरते यावे, यात नवल ते काय? तेव्हा लग्नासारख्या प्रसंगी एखाद्या मुलीला डोंगर आठवला, तर मी तिला नावे ठेवणार नाही. माझा प्रश्न एवढाच की, जागा निवडायची ती कशावरून?

पळून जाणाऱ्यांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे ग्रेटना ग्रीन. हे स्कॉटलंडचे एक लहानसे गाव. तिथे ना उंच कडा, ना नजर ठरणार नाही अशी दरी. पण 1754 पासून इंग्लंडात नवा कायदा लागू झाला आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींना आईबापांच्या संमतीवाचून लग्न करणे अवघड होऊन बसले. स्कॉटलंडात ती अट नव्हती. सरहद्द ओलांडली की लागणारे गाव हे, म्हणून घोडागाड्या तिकडे धावू लागल्या आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्ने लागू लागली. जागा निवडली ती कायद्याने. सृष्टिसौंदर्याचा तिथे काही संबंध नव्हता.

आपल्याकडे डोंगर आणि लग्न यांचे नाते याहून जुने आहे. आमच्या माण नदीचा उगम ज्या शंभुमहादेवाच्या डोंगररांगेत आहे, तिथल्या शिखर शिंगणापूरला दर चैत्र शुद्ध अष्टमीला शंकर-पार्वतीचे लग्न लागते. गावोगावच्या कावडी मुंगी घाटाची अवघड चढण चढून देवाला पाणी घालतात. म्हणजे डोंगरावरचे लग्न काही अमेरिकेहून आलेले नाही. फरक इतकाच की, शिंगणापूरच्या लग्नाला सारा मुलूख वऱ्हाडी असतो आणि नव्या तऱ्हेच्या लग्नाला दहा माणसे झाली तरी गर्दी वाटते.

आता पळून जाण्याकडे वळू. मराठी मनातली पहिली पळून गेलेली मुलगी कोण, असे विचारले तर उत्तर एकच: विदर्भराजा भीष्मकाची मुलगी रुक्मिणी. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिने कृष्णाला धाडलेले पत्र आहे. सातच श्लोकांचे, पण त्यात प्रेम जितके आहे तितकाच व्यवहारही आहे. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवलेले. ती लिहिते त्याचा मतलब असा: मी अंतःपुरात असताना मला न्यायचे, तर माझ्या भाऊबंदांना मारल्यावाचून तुम्हाला नेता येणार नाही, अशी शंका तुम्हाला येईल. म्हणून उपाय मीच सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते. त्या दिवशी नवरी गावाबाहेरच्या गिरिजेच्या देवळाला जाते. तिथून मला न्या.

वर्गात हा भाग शिकवताना मी दर वर्षी इथे थांबते. जागा कृष्णाने निवडली नाही, रुक्मिणीने निवडली. आणि ती निवडताना तिने किती गोष्टींचा विचार केला आहे पाहा. जागा गावाबाहेरची, पण निर्जन नव्हे. तिथे जायला घरच्यांचीच परवानगी, किंबहुना कुळाचा रिवाजच. सोबत वडीलधाऱ्या ब्राह्मणस्त्रिया, भोवती पहारा, म्हणजे साक्षीदारांना तोटा नाही. देवी गिरिजा, डोंगराची लेक. जिने आपला नवरा आपणच तप करून मिळवला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या जागी माहेरचे रक्त कमीत कमी सांडेल, हा हिशेब. पुढे पाठलाग करणारा रुक्मी पराभूत झाला, तेव्हाही तिने भावाच्या प्राणांची भीक मागितली आणि कृष्णाने त्याचे केस विद्रूप करून त्याला जिवंत सोडले. पळून जाणाऱ्या मुलीला माहेर नको असते असे म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी.

हे देऊळ नेमके कोणते? अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, तिथली अंबिका तीच, असे तिथले लोक सांगतात. अमरावतीची अंबादेवी तीच, असे अमरावतीकर म्हणतात. दूर अरुणाचल प्रदेशातले इदू मिश्मी लोक तर रुक्मिणी आमचीच मुलगी असे मानतात. तिथे भीष्मकनगरचे अवशेष दाखवतात, आणि पळून जाताना कृष्ण-रुक्मिणी विसाव्याला थांबले ती डोंगरावरची जागा म्हणून मालिनीथान दाखवतात. तिथे पार्वतीने दोघांचे स्वागत फुलांच्या माळांनी केले, अशी कथा आहे. पळून गेलेल्या मुलीवर इतक्या गावांनी हक्क सांगावा, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

आणखी एक गंमत. एकनाथांनी 1571 साली काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले. मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून तिला याच पोथीचे पारायण करायला बसवण्याची चाल आपल्या घरांत आजतागायत आहे. चहापोह्यांच्या कार्यक्रमाला चांगले स्थळ यावे म्हणून जी पोथी वाचायची, तिच्यात नायिका स्वतः पत्र लिहून, भावाने ठरवलेले स्थळ नाकारून निघून जाते!

सगळ्याच हरणकथा मात्र अशा नाहीत. महाभारतात सुभद्रा रैवतक पर्वताच्या पूजेला गेली असताना अर्जुनाने तिला रथात घातले. डोंगर आहे, उत्सव आहे, देखावा रुक्मिणीच्या कथेहून सुंदर आहे. पण बेत अर्जुन आणि कृष्ण यांचा. सुभद्रेला कुणी विचारल्याचे त्यात दिसत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांची सुभद्रा आधीपासूनच अर्जुनावर जीव टाकणारी झाली. मराठी प्रेक्षकाला त्या हरणात गोडी वाटली ती त्यामुळे. नुसता पर्वत पुरला नसता.

तिसरी कथा आमच्याकडच्या धनगरवाड्यांतली, जागरणात वाघ्या-मुरळी गातात ती. खंडोबा मालेगावजवळच्या चंदनपुरीला गेला, धनगराघरी चाकरी करून मेंढ्या राखल्या आणि बाणाईला घेऊन जेजुरीला आला. पण जेजुरीत म्हाळसा होतीच. अखेर डोंगराचीच वाटणी झाली. म्हाळसा वर गडावर देवाजवळ आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर. पायऱ्या चढताना आजही ते लागते. पळून जाण्याची जागा एका दिवसाची असते, नांदण्याची जागा जन्माची; हे शिकवायला जेजुरीच्या पायऱ्यांसारखा गुरू नाही.

हे सारे आठवायला एक निमित्त झाले. माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी घरी आली. मुलगा दुसऱ्या जातीचा, तिच्या वडिलांचा कडाडून विरोध. म्हणाली, "मॅडम, आम्ही एका कड्यावर जाऊन लग्न करणार आहोत. कुणालाच बोलवायचं नाही."

मी विचारले, "अगं, जागा कुणी निवडली?"

"त्यानं. व्हिडिओत बघून."

"आणि तू?"

ती गप्प झाली. मग मी तिला रुक्मिणीचे पत्र पुन्हा वाचायला सांगितले आणि मला माहीत होते तेवढे कायद्याचेही सांगितले.

ते वाचकांनाही सांगून ठेवते, कारण कुणाच्या घरी केव्हा उपयोगी पडेल सांगता येत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे, तर दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कचेरीत लावली जाते, हरकतींसाठी 30 दिवस जावे लागतात आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. म्हणजे आज डोंगर आवडला आणि उद्या तिथे लग्न केले, असे होत नाही. मात्र जास्तीची फी भरल्यास अधिकाऱ्याने कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या जागी येऊन लग्न लावण्याची सोय याच कायद्यात आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याला नोटीस लागत नाही; पण तिथे विधी हवेत. नुसते हार घालून छायाचित्रे काढली आणि दाखला मिळवला, म्हणजे लग्न झाले असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केले. आणि दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची वा जातीची संमती लागत नाही, हे त्याच न्यायालयाने 2018 साली सांगितले. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्याचे आदेशही दिले. जिवाला धोका असेल त्याने कड्याआधी या कक्षाचा पत्ता शोधावा.

डोंगराचेही काही कायदे आहेत. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके असे उतरते की, दहा हातांवरचा नवरा दिसायचा नाही, आणि ओल्या कातळावर पाय ठरत नाही. कासचे पठार ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांनी भरते. पण ती नाजूक फुले एकदा तुडवली की गेली. मराठ्यांचे 12 किल्ले 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. संरक्षित किल्ल्यावर परवानगीवाचून मांडव घालता येत नाही. उन्हाळ्यात वाळक्या गवतात होम पेटवणे म्हणजे वणव्याला आमंत्रण. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे: आभाळ निवळलेले, गवत सोनेरी, वाटा सुकलेल्या.

माझी विद्यार्थिनी पंधरा दिवसांनी पुन्हा आली. म्हणाली, "मॅडम, कडा रद्द. जागा मी बदलली." नवी जागा एका टेकडीवरचे लहानसे देऊळ, गाडी थेट पायरीशी जाणारी. का, तर तिच्या आजीने येण्याचे कबूल केले होते आणि आजीचे गुडघे दुखतात. रीतसर नोटीस देऊन सह्या झाल्या, मग देवळात चार घास गोडाचे झाले. वडील आले नाहीत, आईही आली नाही. आजी आली. छायाचित्रात दरी नाही, सूर्यास्त नाही. पायरीवर बसलेली आजी आहे.

यावर कुणी म्हणेल, मग ते पळून जाणे कसले? मला वाटते, तेच रुक्मिणीचे पळून जाणे. सांगोल्याहून पंढरपूर तासाभराच्या वाटेवर. तिथे वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचे लग्न लागते, आणि आषाढीला दर वर्षी कौंडिण्यपुराहून रुक्मिणीच्या माहेरची पालखी शेकडो मैल चालत येते. ज्या गावाबाहेरच्या देवळातून ती निघून गेली, तेच गाव तिची पालखी खांद्यावर घेऊन तिच्या दारी येते. डोंगर निवडणाऱ्या मुलामुलींनी खुशाल निवडावा. फक्त मुलीने तो आपल्या तोंडाने सांगितलेला असावा, आणि उद्या माहेरच्यांचा राग ओसरला तर त्यांना तिथवर चढून येता यावे, एवढी वाट त्याला असावी.