पोटातली वस्ती आणि बोटांतली कळ

फराळाचे ताट शेजारी घेऊन अंक चाळत असाल, तर आधी हातातली चकली संपवा आणि मग पुढे वाचा. विषयच असा आहे की, चारचौघांत त्याचे नाव काढले तरी माणसे नाकाला पदर लावतात. निरोगी माणसाचा मळ घ्यायचा, तो नीट तपासायचा, आणि नळीवाटे आजारी माणसाच्या आतड्यात सोडायचा! कशासाठी? तर त्याचे दुखणारे सांधे बरे व्हावेत म्हणून. हा कोणा बैराग्याचा अघोरी तोडगा नव्हे. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरी, विद्यापीठाच्या रुग्णालयात, हा उपचार रीतसर करून पाहण्यात आला आणि त्यासाठी संधिवाताचे रोगी आपण होऊन पुढे आले.

ते का पुढे आले, हे संधिवात असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. चहाचा कप उचलायला दोन्ही हात लागतात. लग्नकार्यात पंगतीला खाली बसवत नाही, आणि बसलेच तर उठवत नाही. पाहणाऱ्याला मात्र वरून काही दिसत नाही. ‘वय झालं, चालायचंच’ असे लोक म्हणतात. पण सोरायसिसच्या जोडीने येणारा संधिवात तिशी-चाळिशीतल्या माणसालाही धरतो. शरीराची राखणदार फौजच यात उलटते आणि सांध्यांवर चालून जाते. औषधे आहेत, चांगली आहेत. पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, रक्त तपासत राहावे लागते, आणि इतके करूनही काहींची सूज हटत नाही. अशा माणसाला कोणी म्हटले, ‘दुखण्याचे मूळ सांध्यात नाही, पोटात आहे, तिथेच काही फेरफार करून पाहू’, तर तो नाक मुरडत बसेल का?

पोटाचा आणि सांध्यांचा संबंध आपल्याला अगदीच परका नाही. माधवनिदानात ‘आमवात’ सांगितला आहे. त्यातला ‘आम’ म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा दोष. एवढ्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ अशी टाळी पिटण्याचे मात्र कारण नाही. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पाश्चात्त्यांनीही या वाटेवर कमी ठेचा खाल्लेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘संधिवाताचे विष कुठेतरी दडलेल्या जंतूंपासून येते’ या समजुतीपायी कित्येक रोग्यांचे चांगले दात उपटले गेले, टॉन्सिल कापले गेले. दात गेले, सांधे दुखतच राहिले.

त्याच समजुतीतून एक काम मात्र फार उत्तम झाले. स्वीडनमधल्या नाना स्वार्ट्‌झ या डॉक्टरीणबाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सल्फाचे औषध आणि सॅलिसिलेट यांची सांगड घालून संधिवातासाठी नवे औषध करवून घेतले. तेच सल्फासॅलाझिन, आजही ते दिले जाते. गंमत अशी की, हे जोडऔषध मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जंतूच त्याचे दोन तुकडे करतात. म्हणजे पोटातली ही मंडळी औषधोपचारात कधीपासूनच सामील आहेत!

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून या वस्तीविषयी दोन शब्द. आपल्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असावेत असा २०१६ सालचा एक हिशेब आहे. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. न्यूयॉर्कच्या संशोधकांना २०१३ साली असे आढळले की, ज्यांना आमवाताच्या जातीचा संधिवात नुकताच जडला होता आणि औषध सुरू झाले नव्हते, अशा दर चौघांतल्या तिघांच्या पोटात एक विशिष्ट जंतू होता. निरोगी माणसांत तो पाचांत एकाच्याच पोटात सापडला. पण तेवढ्याने जंतू गुन्हेगार ठरत नाही. चोरी झाली त्या घरी पोलीसही हजर असतो.

मळाच्या उपचाराला इतिहास आहे तो निराळ्याच दुखण्यात. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आयझमन यांनी आतड्याच्या भयंकर दाहाने मरणाच्या दारी पोचलेल्या चार रोग्यांना निरोगी मळाचा एनिमा दिला आणि ते वाचले. पुढे २०१३ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या अशाच एका जंतुबाधेवर हा उपचार केला. १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. प्रतिजैविकांनी पोटातले भले जंतू मारले गेले, त्या रिकाम्या जागेत एक दांडगा शिरला. भल्यांची वस्ती पुन्हा बसवली की दांडगा हटतो. हिशेब सरळ आहे. संधिवाताचा हिशेब इतका सरळ असेल का, हे पाहण्यासाठी ओडेन्सेचा प्रयोग होता.

त्यात ३१ रोगी होते. सगळ्यांना सोरायसिसचा संधिवात, सगळ्यांचे मेथोट्रेक्सेट चालू, आणि तरी सांधे सुजलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. १५ जणांच्या तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीला निरोगी दात्याचा मळ सोडला. उरलेल्या १६ जणांनाही तशीच नळी घातली, पण उपचार मात्र लुटुपुटूचा. कोणाला काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नाही, त्याची सूज मोजणाऱ्यालाही नाही. मग २६ आठवडे वाट पाहायची.

त्यांच्यापैकी दहा जणांना संशोधकांनी बोलते केले. त्या मुलाखतींचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला, तो मी आकड्यांहूनही आवडीने वाचला. मला वाटले होते, किळस हाच विषय असेल. पण त्यात भरून राहिली आहे ती आशा: आपले दुखणे हलके होईल ही एक, आणि आपले नाहीच झाले तर पुढच्या रोग्याला उपयोग होईल ही दुसरी. उपचार त्यांना नैसर्गिक वाटला. दुखण्याने जेरीस आलेल्या माणसाची किळस फार लवकर संपते. बाळंतिणीची खोली, म्हाताऱ्याची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्या वाचक भगिनींना हे निराळे सांगायला नको.

आणि निकाल? तो उलटा लागला. खरा मळ मिळालेल्या १५ पैकी ९ जणांचे औषध २६ आठवड्यांच्या आत वाढवावे लागले. लुटुपुटूच्या गटात ही वेळ १६ पैकी तिघांवरच आली. कपडे घालणे, उठणे-बसणे, बरणीचे झाकण उघडणे अशी रोजची कामे किती जमतात, त्यावरून शून्य ते तीन अशी एक मोजणी असते. तिच्यात लुटुपुटूवाल्यांची सुधारणा ०.३० भरली, खऱ्या उपचाराची केवळ ०.०७. गंभीर अपाय कोणाला झाला नाही, एवढे समाधान. प्रयोग लहान होता, मात्रा एकच दिलेली होती. तेव्हा यावरून दार कायमचे बंद झाले असे मी म्हणणार नाही. पण ते उघडले असेही कोणी म्हणू नये.

हे सारे मी इतक्या बारकाईने वाचण्याचे कारण आमच्या वन्सं. गेली अकरा वर्षे त्यांना हाच संधिवात आहे. एकेकाळी नऊवारीला हाताने फॉल लावणाऱ्या वन्संना आता पोलक्याची हुकेही सून लावून देते. त्यांना कोणीतरी एका खाजगी दवाखान्याचे पत्रक आणून दिले. ‘आतड्यातील जंतूंचे पुनर्रोपण’, सहा बैठका, पैसे आगाऊ, आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी ताबडतोब बंद! वन्संनी मोडायची म्हणून पाटल्या काढूनही ठेवल्या होत्या.

“वहिनी, त्या डेन्मार्कातल्या लोकांना बरं वाटलं ना?” त्यांनी विचारले.

“वाटलं, वन्सं. पण ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांना अधिक बरं वाटलं.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं दुखणं खोटं होतं म्हणायचं?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. संधिवात हा भरती-ओहोटीचा रोग. माणूस प्रयोगात शिरतो तो बहुधा दुखणे ऐन भरात असताना. त्यानंतर ओहोटी यायचीच. शिवाय प्रयोगातल्या माणसाची वेळच्या वेळी तपासणी होते, एरवी दवाखान्याच्या रांगेत जे कोणी विचारत नाही ते विचारले जाते, आणि गोळ्याही चुकत नाहीत. त्यात आशेची भर. वेदना खरी, आणि तिला पडलेला उतारही खरा. फक्त तो कशाने पडला हे ज्याचे त्याला कळत नाही. म्हणून तर दोन गट लागतात. “मला गुण आला” असे सांगणारी दहा माणसे पत्रकावर छापली, तरी त्यांतल्या एकाचीही लबाडी नसताना तो उपचार निरुपयोगी असू शकतो.

निरुपयोगी तरी निरुपद्रवी असेल, असेही समजू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली इशारा दिला, तो दोन रोग्यांवरून. दात्याच्या मळात औषधांना न जुमानणारे जंतू होते. तपासणीत ते पाहिलेच गेले नव्हते. दोघांचीही प्रतिकारशक्ती मुळात क्षीण होती, आणि त्यांतला एक दगावला. मेथोट्रेक्सेट मनाने सोडणे हा तर वेगळाच धोका, कारण सुजत राहिलेला सांधा झिजतो आणि झिजलेला पुन्हा भरून येत नाही. (जाता जाता सांगते: संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतले आहे. घरात कोणी घेत असेल, तर वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.) दही-ताकाचे विचाराल, तर खुशाल घ्या, औषधाच्या जागी नको.

माझी बाजू प्रयोगाच्या विरुद्ध मुळीच नाही. ती दुकानाच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे असे प्रयोग सरकारी नोंदवहीत, ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त, नोंदवणे २००९ पासून सक्तीचे आहे, आणि ती कोणालाही पाहता येते. नीतिसमितीची मंजुरी, तुम्हाला समजेल अशा भाषेतले संमतिपत्र, वाटेल तेव्हा बाहेर पडण्याची मोकळीक, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई, हे सगळे त्यात येते. ज्याची परीक्षाच अजून चालू आहे त्या उपचाराचे पैसे रोग्याकडून मागितले, तर तिथेच उठावे.

वन्संनी कागदावर प्रश्न लिहून घेतले आणि स्वतःच फोन केला. नोंदणी क्रमांक काय? दात्याची तपासणी कोणती करता? गोळी बंद करायला माझ्या डॉक्टरांना विचारलं का? पलीकडून गोड आवाजात उत्तर आले की, क्रमांकाची जरूर नाही, आमच्याकडे पेशंटांचे अनुभव आहेत. वन्संनी फोन ठेवला आणि पाटल्या पुन्हा कपाटात गेल्या.

मध्यंतरी त्या आपल्या डॉक्टरांना सांगून आल्या की, रीतसर प्रयोग कधी निघालाच तर माझे नाव घाला. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “लुटुपुटूचं मिळालं तरी माझी हरकत नाही, वहिनी. फक्त शेवटी सांगा म्हणावं, काय मिळालं होतं ते.”