श्वसनोपचारक : एका व्यवसायाचे नाव आणि त्याची नोंदणी

विटा व त्याच्या आसपासच्या खेड्यांत श्वासाविषयीचे शब्दभांडार मोठे आहे. चढ चढणाऱ्याला धाप लागते, म्हाताऱ्याला दम लागतो, लहान मुलाची छाती घरघरते, खोकल्याची उबळ येते आणि जुनाट विकार जडलेला मनुष्य 'दमेकरी' म्हणून ओळखला जातो. ही समृद्धी अकारण नसावी. खानापूर व आटपाडी या भागांतील असंख्य कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त भारतभर पांगली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळविताना जो तांबूस धूर निघतो त्याचा एक गुण विचित्र आहे. तो छातीत गेल्यावर मनुष्यास काही काळ फारसे जाणवत नाही, आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते ते काही तासांनंतर. जे गावातच राहिले त्यांच्यापैकी अनेकांचे आयुष्य यंत्रमागाच्या खटखटाटात व सुताच्या धुळीत गेले. अशा रीतीने विकाराला नाव आहे, विकारग्रस्ताला नाव आहे, औषध देणाराही डॉक्टर म्हणून परिचित आहे. परंतु मिरज-सांगलीच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरपाशी उभा राहून रोग्याचा श्वास सांभाळणारा जो कोणी असतो, त्यास मात्र मराठीत रूढ नाव नाही. तेथील लोक त्याला 'आर. टी.' म्हणतात, रोग्याचे नातेवाईक 'मशीनवाला' म्हणतात.

हा विषय प्रस्तुत लेखकाकडे चालून आला तो एका अर्जाच्या रूपाने. विट्याजवळच्या एका गलाई कुटुंबातील मुलगा श्वसनोपचाराची चार वर्षांची पदवी घेऊन एका रुग्णालयात दोन वर्षे काम करीत होता. आखाती देशात नोकरी मिळविण्यासाठी त्याने कागदपत्रे पाठविली, आणि ती परत आली. त्याच्या पदवीपत्रावर 'थेरपी' हा शब्द होता. रुग्णालयाने दिलेल्या अनुभवपत्रावर 'टेक्निशियन' हा शब्द होता, कारण वेतनपत्रकात दुसरा रकानाच नव्हता. पडताळणी करणाऱ्यांच्या दृष्टीने ही दोन माणसे झाली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे असे भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहून द्यावे, अशी त्याची विनंती होती. ती मला मान्य करता आली नाही. बोलण्यात ते शब्द एकमेकांच्या जागी येत असतीलही. कायद्यात ते समानार्थी नाहीत. या व्यवसायाचा परवाना मिळविणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी प्रथम हा भेद नीट पाहिला पाहिजे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. प्राणवायू देणे, वाफेवाटे औषध फुप्फुसांत पोचविणे, धमनीतील रक्ताचे वायुपरीक्षण वाचणे, श्वासनलिकेतील नळी सांभाळणे, रोग्यास यंत्रावरून हळूहळू स्वतःच्या श्वासावर आणणे, अशी ही कामे आहेत. त्यांत यंत्र चालविण्याचा भाग आहे, तसा निर्णयाचाही आहे. एकच उदाहरण देतो. फुप्फुसे तीव्रपणे सुजलेल्या रोग्यास यंत्राने दर श्वासाला किती हवा द्यावी, याविषयीचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ८६१ रोगी होते. दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात ३९.८ टक्के रोगी दगावले, तर ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. येथे 'किलो' म्हणजे तराजूवरचे वजन नव्हे, उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन. कारण मनुष्य लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीची व ८० किलो वजनाची स्त्री घेतली, तर तिचे अपेक्षित वजन सुमारे ५२ किलो येते आणि हवेचे माप सुमारे ३१५ मिलिलिटर ठरते. तराजूवरचे वजन धरणारा तेच माप ४८० करील. यंत्र दोन्ही आज्ञा सारख्याच निमूटपणे पाळते. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत अनेक ठिकाणी व्हेंटिलेटर आले, पण ते समजून चालविणारी माणसे त्यांच्याबरोबर आली नाहीत. या उणिवेचा अर्थ वरील हिशेबावरून ध्यानात येईल.

हा व्यवसाय जन्मला तो यंत्राच्या आधी, हातांच्या श्रमातून. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्लेगडाम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रोग्याच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळीवाटे रबरी पिशवीने हवा भरण्याची पद्धत अवलंबिली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने त्या पिशव्या हाताने दाबून रोगी जगविले. त्यांस ना पदनाम होते ना परवाना. अमेरिकेत मात्र प्राणवायूच्या टाक्या वाहणाऱ्या व जोडणाऱ्या कामगारांची संघटना शिकागो येथे १९४७ मध्येच स्थापन झाली होती, आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षामंडळ निघाले. त्यांचे तेव्हाचे नाव 'इन्हलेशन थेरपिस्ट', म्हणजे श्वास आत घेवविणारा. पुढे काम वाढले तसा 'रेस्पिरेटरी' हा व्यापक शब्द आला. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने या व्यवसायासाठी आधुनिक स्वरूपाचा पहिला परवाना कायदा केला आणि इतर राज्यांनी तो मार्ग अनुसरला. ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय आकारास आलाच नाही. तेथे हीच कामे परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व शरीरक्रियातज्ज्ञ आपसांत वाटून घेतात. तेव्हा व्यवसायाच्या सीमा केवळ कामाच्या स्वरूपावरून आखल्या जात नाहीत, हे उघड आहे.

मराठीत आपण 'परवाना' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो व तेथेच विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. अमेरिकेत त्या तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली अभ्यासक्रमाची मान्यता. दुसरी राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेनंतरचे प्रमाणपत्र. तिसरी राज्याची अनुज्ञप्ती, जिच्यावाचून काम करता येत नाही. २०१५ पासून तेथे १६० प्रश्नांची एक परीक्षा घेतली जाऊ लागली व तिच्या गुणांच्या दोन रेषा ठरल्या. खालची रेषा ओलांडणारा 'प्रमाणित' ठरे. वरची ओलांडणाऱ्यास रोग्याच्या कल्पित प्रसंगांची दुसरी परीक्षा देऊन 'नोंदणीकृत' ही वरची पायरी गाठता येई. या परीक्षेस बसण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे भारतीय पदवीधरास हा दरवाजा सरळ उघडा नाही. दुबई व सौदी अरेबिया येथील पद्धत निराळी आहे. तेथे पदवी व अनुभव यांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते, संगणकावर परीक्षा होते आणि मग पदाचा वर्ग ठरतो. सौदी व्यवस्थेत पदविकाधारक 'टेक्निशियन' होतो, पदवीधर 'स्पेशालिस्ट'. आमच्या अर्जदाराचे घोडे कोठे अडले हे आता समजेल. पदवी त्यास वरच्या वर्गात नेत होती, अनुभवपत्र खालच्या.

भारतात दीर्घकाळ या व्यवसायास कोणतीच केंद्रीय नोंदवही नव्हती. महाराष्ट्राने २०११ च्या अधिनियमान्वये परावैद्यक परिषदेची तरतूद केली. (या 'परा'विषयी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. ग्रीक 'पारा'चा अर्थ 'शेजारी, बरोबरीने' असा. संस्कृत 'परा'चा रोख 'दूर, उलट' असा, जसे पराजय, पराभव, परावर्तन. ध्वनिसाम्याच्या मोहाने आपण वैद्याच्या शेजारी उभ्या असलेल्यास वैद्यकापासून दूर लोटले आहे.) केंद्रात पहिले विधेयक २०१८ च्या अखेरीस राज्यसभेत मांडले गेले आणि मार्च २०२१ मध्ये सहाय्यक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा अधिनियम संमत झाला. त्यात केंद्रीय नोंदवही, राज्य परिषदा, राज्य नोंदवह्या, समान प्रवेशपरीक्षा आणि शिक्षणान्ती एकसमान परीक्षा यांची योजना आहे. नोंदवहीत नाव नसताना पात्र व्यावसायिक म्हणून काम करणे दंडनीय आहे. म्हणजे आपल्याकडे परवाना म्हणावयाचा तो वस्तुतः नोंदवहीतील नाव होय.

आणि येथेच शब्दांचा प्रश्न उभा राहतो. अधिनियमात दोन व्याख्या आहेत. 'सहाय्यक आरोग्य व्यावसायिक' म्हणजे निदानास व उपचारास साहाय्य करणारा सहयोगी, टेक्निशियन वा टेक्नॉलॉजिस्ट. त्याचे शिक्षण पदविकेचे वा पदवीचे, किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणजे अभ्यास, सल्ला, संशोधन, देखरेख किंवा उपचार करणारा शास्त्रज्ञ, थेरपिस्ट वा अन्य. त्याचे शिक्षण पदवीचेच, किमान ३६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांचे. अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट आहे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. परंतु श्वसनाच्या बाबतीत, दहा वर्गांपैकी नवव्या वर्गात, जो शब्द योजिला आहे तो 'रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट' असा. व्याख्येच्या शब्दांचा सरळ अर्थ केला, तर चार वर्षांची पदवी घेतलेला, तासांच्या हिशेबाने दुसऱ्या व्याख्येत बसू शकणारा मनुष्यही केवळ नामाच्या बळावर पहिल्या व्याख्येत जाऊन पडतो. माझ्या मते हा दोष आहे. वर सांगितलेले ३१५ व ४८० यांतील अंतर ओळखणे हे साहाय्य नव्हे, तो उपचारातील विवेक आहे. अंतिम आज्ञा डॉक्टरचीच असते हे खरे. पण ती भौतिकोपचाराच्या अनेक प्रसंगीही असते.

असे पूर्वी घडलेले आहे. १९४८ च्या औषधव्यवसाय अधिनियमापूर्वी दवाखान्यातील 'कंपाउंडर' हा डॉक्टरच्या हाताखालचा माणूस होता. त्या कायद्याने पहिली नोंदवही करताना रुग्णालयात वा दवाखान्यात पाच वर्षे औषधे मिसळण्याचे काम केलेल्यांनाही तीत स्थान दिले, आणि 'फार्मासिस्ट', मराठीत 'औषधनिर्माता', हा स्वतंत्र व्यावसायिक उभा राहिला. जुना शब्द गावोगाव टिकला, पण नोंदवहीत गेला नाही.

मराठी पर्याय कोणता घ्यावा? १९६२ मध्ये शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून त्याची थट्टा झाली. तरी त्या परंपरेतले पुष्कळ शब्द आज बिनतक्रार वापरले जातात. प्रस्तुत बाबतीत 'श्वसनतंत्रज्ञ' हा शब्द अनुसूचीशी जुळतो, पण तो दोषही तसाच पुढे नेतो. 'श्वसनोपचारतज्ज्ञ' हा लांब तर आहेच, शिवाय 'तज्ज्ञ' हे पद हल्ली इतके स्वस्त झाले आहे की त्याने डॉक्टर असल्याचा भ्रम व्हावा. 'करी' हा खास मराठी प्रत्यय मोहक वाटतो, परंतु 'वारकरी', 'कष्टकरी' यांत कर्ता दाखविणारा हा प्रत्यय 'दमेकरी'त मात्र रोगी दाखवितो. तो मार्ग बंद समजावा. 'श्वसनोपचारक' हा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. राज्यात 'व्यवसायोपचार' व 'भौतिकोपचार' हे शब्द परिषदेच्या नावातच रूढ आहेत, त्यांच्या पंक्तीत तो सहज बसतो.

ज्या विद्यार्थ्यांचे धाकटे भाऊबहीण या शिक्षणाकडे वळत असतील त्यांनी प्रवेशापूर्वी पाहावयाचे ते इतकेच : अभ्यासक्रमास मान्यता कोणाची, पदवीपत्रावर नाव काय छापले जाणार, एकूण तास किती व त्यांचा लेखी दाखला मिळतो की नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमणूकपत्रातील पदनाम पदवीशी ताडून पाहावे. नंतरची दुरुस्ती सोपी नसते.

आमच्या अर्जदारास दुरुस्त पत्र मिळाले ते पाचव्या महिन्यात. त्यात पदनाम पदवीप्रमाणे होते, परंतु सेवेचा काल दुरुस्तीच्या तारखेपासून धरलेला होता. आधीच्या दोन वर्षांसाठी त्याने पुन्हा अर्ज केला आहे.