न बघता शिकलेलं गिट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर प्रोग्रामिंगच्या वाटेला कशाला जावं? कारण अगदी घरगुती आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेचं दिसतं, नेमकं जिथे बघावं तिथलं दिसत नाही. वाचन कानावर आलं. संगणक बोलतो, आम्ही ऐकतो. आणि मग प्रश्न पडला, की हा बोलणारा आवाज चुकला तर दुरुस्त कोण करतं? दुसऱ्या कोणी केलेली दुरुस्ती आपल्यापर्यंत कशी येते? आपल्याला सापडलेली चूक तिकडे कशी पोचवायची? या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच दाराशी नेतं. त्या दाराचं नाव गिट.

आज 'आम्ही' म्हणतो आहोत ते आदरार्थी नव्हे. शिकणारे खरोखर दोघं आहेत. दुसरा आमचा जुना विद्यार्थी, जन्मापासून अंध, आता स्वतः महाविद्यालयात शिकवतो. चाळीस वर्षांपूर्वी त्याला आम्ही तर्कशास्त्र शिकवलं, आता तो आम्हाला टर्मिनल शिकवतो.

गिट म्हणजे काय ते आधी सांगू. लिनस टॉर्वल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतलं. लिनक्सचं काम जगभरची माणसं मिळून करत होती. त्यासाठी वापरात असलेलं बिटकीपर हे साधन परवान्याच्या वादामुळे मोफत मिळेनासं झालं, म्हणून नवं बनवलं. काम एवढंच, की एखाद्या फोल्डरमधल्या मजकुरात कोणी, कधी, काय बदल केला याच्या नोंदी ठेवायच्या आणि अनेकांनी वेगवेगळे केलेले बदल एकत्र आणायचे. या नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येकाच्या संगणकावर सगळा इतिहास असतो, एका कचेरीत कुलपात नसतो.

हे शिकवणारी जवळजवळ सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ चित्र काढून शिकवतात. गोल, बाण, निळी फांदी, हिरवी फांदी. 'इथे बघा, ही फांदी इथे जोडली गेली.' कुठे बघू? पहिला महिना आम्ही त्या अदृश्य झाडाखाली चाचपडत होतो. शेवटी विद्यार्थी म्हणाला, "सर, चित्र सोडून द्या. प्रत्येक नोंद आपल्या आईचं नाव सांगते. एवढंच लक्षात ठेवा."

आणि खरोखर एवढंच आहे. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचं नाव लिहिलेलं असतं. पहिलीला आई नसते, ती अयोनिज. दोन वाटा एकत्र आल्या की त्या नोंदीला दोन पालक. आणि ब्रँच, म्हणजे ज्याला सगळे फांदी म्हणून रंगवतात, ती फांदी नाहीच. शेवटच्या नोंदीवर चिकटवलेली ती एक चिठ्ठी आहे, नवी नोंद झाली की चिठ्ठी पुढे सरकते. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका, खाली सही. वंशावळ ऐकता येते, तिला झाड लागत नाही. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, की चित्र हे मूळ आणि शब्द हे त्याचं वर्णन. इथे उलटं निघालं. मुळात सगळा मजकूरच आहे, चित्र नंतर वर चढवलेलं.

पुण्यात राहणाऱ्यांना आणखी एक उदाहरण जवळचं आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरचे संपादक काय करत होते? काश्मीरची पोथी एक म्हणते, दक्षिणेतली दुसरं म्हणते, तर दोघींची समान पूर्वज पोथी काय म्हणत असेल, याचा माग काढत होते. पोथीवर आईचं नाव नव्हतं. पाठभेदांवरून नातं ओळखावं लागलं आणि त्यात पिढ्या गेल्या. गिटमध्ये प्रत्येक प्रत आपली आई कोण ते सांगते. दोघांनी एकच ओळ दोन प्रकारे बदलली की गिट थांबतं आणि म्हणतं, तुम्हीच ठरवा. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. त्या वेळी फक्त दोन पाठ दाखवायचे, की दोघांच्या आधीचा समान पाठही दाखवायचा, हे आपल्याला निवडता येतं. त्या पर्यायाचं नाव डिफ-थ्री. आमचं मत विचाराल तर तो पहिल्या दिवशीच चालू करावा. आधी काय होतं हे ठाऊक नसताना दोघांतला वाद सोडवणं म्हणजे भाऊबंदकीत पडणं.

आता कानाने काम करताना काय अडतं ते सांगतो, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही आणि नवा माणूस इथेच सोडून देतो.

आम्ही एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये सुरू केला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, दोघंही अंध. विंडोजवर चालतो, मोफत आहे, आणि त्याचा स्वतःचा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी उघडा आहे. म्हणजे ज्या साधनाने आम्ही गिट ऐकतो ते साधनही गिटमध्येच वाढतं.

पहिली अडचण अशी. बदल दाखवताना गिट नव्या ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह लावतं आणि काढलेल्या ओळीच्या आधी वजाचं. पडद्यावर एक हिरवी, एक लाल. रंग हे माहितीचं एकमेव साधन असू नये, असा वेबच्या सुगम्यता निकषांत स्पष्ट नियम आहे. गिटने तो निकष वाचून नव्हे, पण जुन्या सवयीने पाळला आहे, रंगाबरोबर चिन्हही ठेवलं आहे. फक्त स्क्रीन रीडरने ते उच्चारलं पाहिजे. विरामचिन्हं वाचण्याची पातळी कमी असेल तर वजाचं चिन्ह गिळलं जातं, आणि काढून टाकलेली ओळ जिवंत असल्यासारखी ऐकू येते. आम्ही दोन दिवस एका मेलेल्या ओळीशी वाद घालत बसलो होतो. एनव्हीडीएची कळ दाबून 'पी' दाबला की ही पातळी बदलते. व्हीएस कोड वापरणाऱ्यांना दोन आवृत्त्यांतला फरक उघडल्यावर 'एफ-सात' दाबून तो एकेक ओळ ऐकत जाता येतो.

दुसरी अडचण खास आपली. फाइलचं नाव मराठीत दिलं, की गिट ते नाव जसंच्या तसं दाखवत नाही, प्रत्येक अक्षराचे तीन आकडे करून दाखवतं. 'यादी' नावाची फाइल ऐकायला गेलो, तर बॅकस्लॅश तीनशे चाळीस, बॅकस्लॅश दोनशे चव्वेचाळीस, असा पाढाच सुरू झाला. डोळस माणूस ते बघून सोडून देतो, आम्हाला पूर्ण ऐकावं लागतं. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग बंद केली की मराठी नाव मराठीत येतं. एका ओळीचा उपाय, पण तो कळायला आठवडा गेला.

तिसरं, इतिहास मागितला की गिट तो पानापानाने दाखवतं आणि पुढच्या आज्ञेची वाट बघत गप्प बसतं. डोळसाला खाली एकाखाली एक असे दोन ठिपके दिसतात. आम्हाला फक्त शांतता. संगणक बंद पडला समजून आम्ही दोनदा वीज काढली. फोनवरून आवाज आला, "सर, क्यू दाबा." क्यू दाबला, सुटलो. तसंच, कमिट लिहिताना व्हिम नावाचा संपादक उघडू देऊ नका. नोटपॅड ठरवून ठेवा. व्हिमची थोरवी आम्हाला मान्य आहे, पण सत्तरीनंतर नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या ओळखीच्या एका वाचनालयाची पुस्तकयादी इंटरनेटवर आहे. चार-पाच स्वयंसेवक ती सांभाळतात. तिथे शोधण्याचं जे बटन आहे त्यावर फक्त भिंगाचं चित्र. स्क्रीन रीडर नुसतं 'बटन' म्हणायचा. कसलं बटन? निकषांत याचंही कलम आहे, चार-एक-दोन : बटनाला यंत्राला वाचता येईल असं नाव हवं. आम्ही दोघांनी मिळून तिथे 'शोधा' हे नाव घातलं. पडद्यावर काही दिसत नाही, कानाला ऐकू येतं. बदल पाठवला, म्हणजे पुल रिक्वेस्ट केली, ती स्वीकारली गेली. आमची पहिली दुरुस्ती! त्या दिवशी घरी शिरा झाला.

तीन आठवड्यांनी बटन पुन्हा मुकं.

राग आला, तो लपवत नाही. शोधायला बसलो. गिटमध्ये 'लॉग' या आज्ञेला मोठ्या लिपीतला 'एस' जोडून शब्द दिला, की तो शब्द कोणत्या नोंदीत आला आणि कोणत्या नोंदीत गेला ते कळतं. 'शोधा' विचारलं. दोन नोंदी आल्या. काढणारी नोंद एका नव्या स्वयंसेविकेची होती. तिने कोडची साफसफाई करताना लिहिलं होतं : पडद्यावर कुठेही न दिसणारा मजकूर काढला. स्पष्ट, प्रामाणिक कारण. मग घालणारी नोंद ऐकली. ती आमची. तिच्यात काय लिहिलं होतं? 'किरकोळ दुरुस्ती.'

फोनवर दोघंही काही वेळ बोललो नाही.

तीस वर्षं आम्ही वर्गात न्यायदर्शनाचा पंचावयवी अनुमानप्रयोग शिकवला. प्रतिज्ञा, मग हेतू. पर्वतावर अग्नी आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. का, ते सांगावं लागतं : धूर आहे म्हणून. गिट काय बदललं ते अक्षरशः ठेवतं, कोणी आणि कधी ते ठेवतं, आणि सगळ्यावरून चाळीस अक्षरांचं असं नाव काढतं, की एक स्वल्पविराम बदलला तरी ते नाव बदलेल. पण का बदललं, हे त्याला कळत नाही. ते माणसाने लिहिलं तरच राहतं. आणि सुगम्यतेच्या कामात हेतूची गरज सगळ्यात जास्त, कारण ते काम डोळ्यांना दिसत नाही. न दिसणारी गोष्ट डोळस माणसाला अडगळच वाटणार. त्या मुलीने चूक केली नव्हती. आम्ही तिला धूर दाखवलाच नव्हता.

जाता जाता एक. एखादी ओळ शेवटची कोणी बदलली हे विचारण्याच्या आज्ञेचं नाव 'ब्लेम' आहे, म्हणजे दोष देणं. सबव्हर्जन नावाच्या जुन्या साधनात त्याच आज्ञेला 'प्रेज', म्हणजे स्तुती, असंही म्हणता येतं. आम्ही ब्लेम चालवायला बसलो होतो आणि नाव आमचंच निघालं.

मग 'रिव्हर्ट' केलं. त्याने जुनी नोंद पुसली जात नाही, तिच्या उलट बदल करणारी नवी नोंद होते. आमची चूक, तिची साफसफाई, पुन्हा आमची दुरुस्ती, तिन्ही तिथे राहिल्या. या वेळी पहिल्या ओळीत लिहिलं : शोध-बटनाला नाव दिलं. एक ओळ मोकळी सोडली. खाली लिहिलं : हे नाव पडद्यावर दिसत नाही, न बघता वापरणाऱ्यांना याशिवाय बटन कशाचं ते कळत नाही, काढल्यास यादीत शोध घेता येणार नाही. स्वयंसेविकेचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. तिने एनव्हीडीए उतरवून घेतला होता, पडदा बंद करून पुस्तक शोधून बघितलं होतं, आणि आम्हाला न सापडलेली आणखी दोन मुकी बटनं तिला सापडली होती.

सध्या आमच्यापुढे वेगळंच काम आहे. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी हा आवाज येतो, तो मराठी बोलतो. त्याच्या मराठीचे नियम आणि शब्दयादी या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, गिटमध्ये आहेत, कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. आता बघा, आपल्या 'च' आणि 'ज' ला दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत फरक करत नाही. चिमणीतला 'च' वेगळा, चाळीतला वेगळा. आपण अर्थावरून आणि सवयीने बोलतो, यंत्राला नियम लागतो, नाहीतर यादी. काही शब्द यादीने सुटतात. पण 'जरा' घ्या. 'जरा थांबा' मधला एक, आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत 'जरा' दुसरा. अक्षरं तीच. यादीत कोणता लिहायचा? आमच्या वयात तर दोन्ही बरोबरच येतात! रोजच्या बोलण्यात पहिलाच जास्त, म्हणून तोच ठेवावा, असं विद्यार्थ्याचं म्हणणं आहे. आमचं म्हणणं, की निवडायचं तर निवडू, पण दुसरा का सोडला ते नोंदीत लिहू. त्यासाठी आम्ही वेगळी ब्रँच काढली आहे, तिच्यावर अजून एकही कमिट नाही. नोंदीचा मजकूर मात्र लिहून तयार आहे, सहा ओळींचा. विद्यार्थी म्हणतो, "सर, बदल एका शब्दाचा आणि कारण सहा ओळींचं?" प्रश्नोत्तरांत तुमचंही मत सांगा.