यादीतले शेवटचे नाव

आमच्या घरी रविवारी इशाची नमाज झाली की टीव्हीचा ताबा मोठ्या मुलाकडे जातो. मागच्या महिन्यात त्याने ‘एल प्रेसिदेंते’ या २०२० सालच्या मालिकेचा पहिला भाग लावला. ती लहान मुलांना घेऊन पाहण्यासारखी नाही, हे वाचक पालकांना आधीच सांगून ठेवतो. आम्हीही धाकट्याला झोपायला पाठवले.

गोष्ट खरी आहे. चिलीमधल्या एका लहानशा क्लबचा अध्यक्ष सर्जिओ हादुए २०११ मध्ये अख्ख्या देशाच्या फुटबॉल संघटनेच्या खुर्चीवर बसतो. पुढे सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी लाच घेण्याच्या जाळ्यात तोही येतो. मे २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलातून फिफाचे पदाधिकारी पहाटे उचलले गेले, ते याच प्रकरणात. त्याच वर्षी जुलैमध्ये चिलीच्या खेळाडूंनी कोपा अमेरिका जिंकला. मैदानावर पोरे जीव तोडून खेळत होती आणि वर कार्यालयात हे चालले होते!

मुलगा म्हणाला, “अब्बा, आपल्याकडे असं नसेल ना?”

आम्ही त्याला २०२२ ची आठवण करून दिली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष तेव्हा आपल्याच गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते. तिथे मुद्दा लाचेचा नव्हता, मुदतीचा होता. डिसेंबर २०२० मध्ये कार्यकाळ संपला, तरी निवडणूक झाली नाही. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून तिघांची समिती नेमली. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी त्यात होते. मग बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने ऑगस्टमध्ये भारतालाच निलंबित केले.

याचा फटका कुणाला बसला? गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या होत्या. बूट, जर्सी, सगळी तयारी. निलंबनाची बातमी त्यांना तिथे कळली आणि एकही सामना न खेळता त्या परतल्या. न्यायालयाने समिती बरखास्त केल्यावर २६ ऑगस्टला बंदी उठली, ऑक्टोबरात मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारतात झाला, अंतिम सामना तर नवी मुंबईत. पण त्या मुलींची स्पर्धा गेली ती गेलीच.

इथवर सांगून आम्हाला थांबता आले असते. पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच नव्हते, आणि उरलेले आम्हाला चांगले ठाऊक होते.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे खेळाच्या कागदाला भाव आला. मराठवाड्यात ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजले, ते उगीच नाही. पोलिसांपर्यंत जातात ती मोठी प्रकरणे. लहान प्रकरणे शाळेच्या टेबलावरच मिटतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या टेबलावरही एक आले. शालेय फुटबॉलच्या संघाची यादी पाठवायची होती. एका वजनदार पालकाचा निरोप आला, “सर, आमच्या पोराचं नाव टाका, गुणांचं बघायचंय.” तो मुलगा कधी मैदानावर आलेला नव्हता. जागा करायला एक नाव कापावे लागणार होते. आम्ही ऊसतोड कामगाराच्या मुलाचे कापले. तो अनवाणी खेळायचा आणि डाव्या पायाने मारायचा. त्याच्यासाठी भांडायला कुणी येणार नाही, हे आम्हाला माहीत होते. सही आमचीच. एक पैसाही घेतला नाही, म्हणून त्या रात्री झोपही लागली.

त्याने विचारले, “सर, माझं नाव नाही का?” आम्ही म्हणालो, “पुढच्या वर्षी.” दिवाळीनंतर आई-बापाबरोबर तो कारखान्याकडे गेला. उन्हाळ्यात कुटुंब परतले, तो शाळेत आला नाही.

वर्गात अमानत शब्दाचा अर्थ सांगताना आम्ही ठेवीचे उदाहरण देतो. यादीचे कधी दिले नाही.

हे सगळे त्या रात्री मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “त्याचं नाव काय होतं?”

आम्ही नाव सांगितले. ते विसरलेलो नाही. या वर्षीपासून संघाची यादी पाठवण्याआधी दोन दिवस फळ्यावर लावतो आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगतो. पहिल्याच दिवशी एका मुलीने हात वर केला, “सर, यातला नववा तर सरावाला येतच नाही.”

नववा आमच्या सहकाऱ्याचा भाचा होता. नाव काढले. सहकारी अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.