अहवाल येईपर्यंत



माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून चार वर्षे झाली. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, सगळे पार पडले. त्या दिवसांत मंडळीने केलेल्या प्रार्थना आणि घरी पोचवलेले डबे आम्ही विसरलेलो नाही. गेल्या महिन्यात तिची कंबर दुखू लागली. आधी वाटले, बादली उचलताना लचक भरली असेल. दुखणे थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितला. त्यात मणक्यात एक ठिपका दिसला. बायोप्सी झाली आहे. हे लिहीत असताना तिचा अहवाल आलेला नाही.

उत्तर आल्यावर लिहावे असे मनात होते. पण उत्तर चांगले आले तर मी हे दिवस विसरून जाईन, आणि वाईट आले तर लिहायला सवड मिळणार नाही. म्हणून आताच लिहितो. कर्करोगाच्या घरात असा वाट पाहण्याचा काळ पुन्हा पुन्हा येतो, आणि आजारी माणसाइतकाच तो जोडीदारालाही काढावा लागतो.

पहिल्यांदा, ठिपक्याचा अर्थ समजून घ्या. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून साखरेसारखे किंचित किरणोत्सर्गी औषध देतात. शरीरात जिथे साखर जास्त खर्च होते, तिथे चित्र उजळते. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त घेतात. पण सूज आली असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तरी ती जागा उजळते. आपल्याकडे क्षयरोग अजून पुष्कळ आहे. मणक्याचाही क्षय होतो आणि स्कॅनवर तो कर्करोगासारखा दिसू शकतो. म्हणून तिथला तुकडा काढून तपासावाच लागतो. हाडाचा तुकडा कापण्याआधी तो रसायनात ठेवून मऊ करावा लागतो, त्यानंतरही काही खास चाचण्या असतात. अहवालाला उशीर झाला म्हणजे बातमी वाईट आहे, असे मी पहिल्या आठवड्यात धरून चाललो होतो. तसे काही नसते.

आणि आजार खरोखरच परतला असेल तर? हाडात परतलेला स्तनाचा कर्करोग सहसा मुळापासून जात नाही, हे डॉक्टरांनी आमच्यापासून लपवले नाही. मात्र औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो आणि असे कितीतरी जण वर्षानुवर्षे जगतात. परतलेल्या गाठीचे गुणधर्म कधीकधी आधीच्या गाठीपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे कोणते औषध द्यायचे हेही बायोप्सीवरूनच ठरते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. एका रात्री दोन वाजता जाग आली, तर ती स्वयंपाकघरात बसून मसाल्याच्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती. जिरे, धणे, गरम मसाला. म्हणाली, “तुम्हाला कळायला हवं ना, कुठे काय आहे ते.” मी घाईने म्हणालो, “अगं, काही होणार नाही तुला.” तिने हातातली पट्टी खाली ठेवली. “अहो, तुम्ही असं म्हणालात की मला पुढचं काही बोलताच येत नाही.”

मी तिला धीर देतो आहे असे मला वाटत होते. खरे तर मी तिला गप्प करत होतो. त्या रात्री आम्ही दोघांनी आपापली भीती पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवली. आता संध्याकाळच्या चहानंतर अर्धा तास आम्ही आजाराबद्दल बोलतो. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका वहीत लिहून ठेवतो. बाकीचा दिवस घराचा. रात्री नऊनंतर मोबाइलवर आजाराची माहिती शोधायची नाही, असेही ठरवले आहे.

तिसरी गोष्ट लोकांची. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. ते बोलू लागल्यावर त्याचे दुःख वाढले. आमच्याकडेही तसे घडले. कोणी विश्वास कमी पडल्याचे सुचवले, कोणी शेजारणीच्या मृत्यूची हकीकत सांगितली. मनात वाईट कोणाच्याच नव्हते. “काही लागलं तर सांगा” असेही पुष्कळ जण म्हणाले, पण काय सांगावे ते मला सुचत नसे. शेवटी पाळकसाहेबांनी मला यादी करायला लावली: मंगळवारी डबा, तपासणीच्या दिवशी गाडी, शनिवारी कोणीतरी तासभर तिच्याजवळ बसावे म्हणजे मी फिरून येईन, आणि फोनवर सगळ्यांना निरोप देण्याचे काम माझ्याऐवजी एकाने घ्यावे. चार दिवसांत यादी भरली. मदत मागताना नेमकी मागावी. द्यायची असेल तर काय देणार तेही नेमके सांगावे.

घराबाहेरही आधार आहे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येते, आणि फोन करायला स्वतः रुग्ण असावे लागत नाही. मी दोनदा केला आहे. वंदना गुप्ता स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्या आणि त्यांनी १९९४ साली व्ही केअर ही संस्था सुरू केली. तिचे स्वयंसेवक रुग्णांना आणि नातेवाइकांना भेटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका घेऊन भेटावे. उपचारासाठी रेल्वेने येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

हे सगळे मी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, परळच्या टाटा मेमोरियलच्याच या केंद्रात, वाट पाहताना शेजारी बसलेल्या एका पावरा गृहस्थाला सांगत होतो. तो धडगावच्या डोंगरातून बायकोला घेऊन आला होता. त्याने शांतपणे ऐकले. मग प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून मोडक्या मराठीत विचारले, “दादा, ती बरी होईल का, हे यातल्या कोणत्या कागदावर लिहिलंय?” मी म्हणालो, कोणत्याच नाही. माझ्याही पिशवीत तसा कागद नाही. मग तिची हाक येईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. ज्यांना गावाहून इतक्या लांब यावे लागते, त्यांना यादी भरून देणारी मंडळी जवळ नसते. आपल्यापैकी कोणाला महिन्यातून एक सकाळ मोकळी असेल तर अशा कोणासोबत तिथे बसता येईल.

आमचा अहवाल शुक्रवारी मिळेल. सकाळी साडेसातला मंडळीतले एक बंधू नेरुळला गाडी घेऊन येणार आहेत. मी मागे, तिच्या शेजारी बसणार आहे.