रिकामे समजून पुसले!

संगणकाचा सारा कारभार सांभाळणाऱ्या आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. तिची नवी आवृत्ती सर्वांना एकदम देत नाहीत, टप्प्याटप्प्याने देतात. पण उत्साही मंडळी स्वतः बटण दाबून ती आधीच मागवितात.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेली ‘विंडोज १०’ची आवृत्ती प्रथम अशाच मंडळींना मिळाली आणि काहींची कागदपत्रे, छायाचित्रे नाहीशी झाली! असे का व्हावे? या लोकांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या जागी नेले होते, काही फायली मात्र जुन्याच जागी राहिल्या होत्या. आधीच्या आवृत्तीत अशी जुनी, रिकामी फोल्डरे उगीच दिसतात, ही तक्रार होती. म्हणून नव्या आवृत्तीने ती पुसली. आत काही आहे का, हे पाहिलेच नाही! (अडगळीतला डबासुद्धा आपण हलवून पाहतो.)

तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या. तरी मायक्रोसॉफ्टने ६ ऑक्टोबरला वाटप थांबविले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. गंमत अशी, की पूर्वचाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी हा दोष आधीच कळविला होता. पण तक्रारी मोजक्या, म्हणून त्या मागे पडल्या. पुढे तक्रार नोंदविताना नुकसान किती गंभीर आहे, हेही सांगण्याची सोय करण्यात आली.