बहिणीची मज्जा, भावाचे रक्त

गेल्या महिन्यात उमेळ्याच्या एक बाई धाकट्या भावाची फाईल घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. भावाला रक्ताचा कर्करोग. औषधांनी आजार आटोक्यात आला आहे. पण तो उलटू नये म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुचवले आहे. बहिणीची मज्जा भावाशी पूर्ण जुळली. सख्ख्या भावंडांत अशी जुळणी होण्याची शक्यता चारात एक, तेव्हा हे नशीबच म्हणायचे. पण कुणी तरी घरात सांगितले होते की, दुसऱ्याने दिलेल्या पेशींतूनही कर्करोग होतो. बाईंनी मान खाली घालून विचारले, "डॉक्टर, माझ्यामुळेच त्याला परत झाला तर?"

प्रश्न वेडगळ नव्हता. असे घडते, मात्र फार क्वचित.

मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ गर. रक्तपेशी तिथे तयार होतात. प्रत्यारोपणापूर्वी जबर औषधांनी, कधी किरणांनी, रुग्णाची स्वतःची मज्जा जवळजवळ नष्ट करतात. मग दात्याच्या मूळपेशी शिरेवाटे सोडतात. त्या हाडात जाऊन रुजतात आणि पुढे रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींपासून बनू लागते. भारतात असे पहिले प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात झाले. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती.

त्यानंतरही आजार उलटला, तर बहुतेक वेळा दोष रुग्णाच्याच लपून राहिलेल्या पेशींचा असतो. पण १९७१ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी एक वेगळीच हकिगत प्रसिद्ध केली. भावाची मज्जा दिलेल्या मुलीचा आजार उलटला, तेव्हा कर्कपेशींत पुरुषाची गुणसूत्रे सापडली! पेशी भावाच्या होत्या. त्या चमूतील डॉ. थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते, याला एकच उत्तर नाही. दात्याच्या मज्जेत, विशेषतः उतारवयात, बिघाड झालेल्या थोड्या पेशी त्याला काही त्रास न देता नांदत असतात. कधी घराण्यातच जनुकीय दोष असतो. शिवाय रुग्णाची मज्जेची जमीन औषधांनी पोळलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली. नव्या पेशींना तिथे फार भराभर वाढावे लागते.

म्हणून आजार उलटला की "पेशी कुणाच्या?" हे तपासलेच पाहिजे. आता डीएनए तपासणीने ते कळते, दाता आणि रुग्ण दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असल्या तरी. उत्तरावर पुढचे उपचार ठरतात. पेशी दात्याच्या निघाल्या, तर त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देण्यात अर्थ नसतो आणि दात्याचे रक्तही तपासावे लागते. कित्येकदा दाता ठणठणीत असतो. पण ही तपासणी त्याच्या भल्याचीच.

बाईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. मज्जा दिल्याने देणाऱ्याला कर्करोग होत नाही. आणि घरात पूर्वी कुणाला रक्ताचा आजार झाला असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. आपल्याकडे मुलींची लग्ने अडतील म्हणून अशा गोष्टी फार झाकल्या जातात.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या एका चुलत काकांना होता. तेही सांगू?"

"तेच आधी सांगा," मी म्हटले, आणि फाईलच्या पहिल्या पानावर तसे लिहून दिले.